रुमालाखालचा हात

अण्णा, तुमच्या नातीनं परवा कॉलेजात माईक हातात घेऊन सांगितलं, मी तोतरी आहे. वाचादोषाबद्दल जनजागृतीचा कार्यक्रम होता. त्या एका वाक्याला तिला बराच वेळ लागला. मी मागच्या रांगेत बसून ओठांनी तिचं वाक्य पूर्ण करत होतो. घरी आल्यावर म्हणाली, "प-पपा, तुमचे ओठ दिसत होते मला. माझं वाक्य माझ्याकडंच राहू द्या."

आता तिला प्रमाणपत्र हवंय. तोंडी परीक्षेत जादा वेळ मिळेल, म्हणते. तोतरेपण अपंगत्वात बसतं का, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. उद्या सिव्हिलला दाखवायला जायचंय. मला बसवत नाही. उठतो, पाणी पितो, पुन्हा लिहायला घेतो. तिच्या नावापुढं अपंग लागेल म्हणून मी टाळतोय, असं तिला वाटतं.

तुम्हाला कुणी अपंग म्हटलं नाही. तोतऱ्या म्हणायचे. मंठ्याच्या बैलबाजारात मी तुमच्याजवळ उभा आहे. समोरचा व्यापारी हसतो, "बोल की मंग. तुझं होईस्तोवर बैल म्हातारा होऊन राह्यला." तुम्हीही हसता आणि खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकता. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, ही बाजाराची रीत. तिथं सगळेच मुके. तुमचा सौदा सगळ्यांआधी व्हायचा. घरी आलात की मात्र हातपाय धुवायच्या आधी माझं तोतरेपण सुटावं म्हणून सहाणेवर वेखंड उगाळून जिभेला लावायचात. मी तोंड फिरवलं तेव्हा एकदाच म्हणालात, "त-तुला रुमाल न्हाई पुरायचा."

माझं सुटलं असं गावाकडचे सगळे धरून चालतात. सुटलेलं नाही. अडणारा शब्द मला दुरून दिसतो, मी दुसरा घेतो. गाव कुणी विचारलं तर जालना सांगतो. मंठा म्हणायला गेलो की मिटलेले ओठ उघडत नाहीत. इतकी वर्षं शिकवतोय, वर्गातही कुणाला कळलं नाही. तिलाही नाही.

उद्या डॉक्टर विचारतील, घरात आणखी कुणाला आहे? ती आजोबा म्हणेल, तिला तेवढंच ठाऊक आहे. त्यानंतर मी बोलायला हवं. मी अडलो तर मधे बोलू नकोस, हे तिला आजच सांगून ठेवायला हवं. ती शेजारच्या खोलीत मोठ्यानं उत्तरं म्हणतेय. मघाशी पाणी प्यायला उठलो म्हणून लिहिलं, ते खरं नाही. तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.