‘आणि इतर’

११ फेब्रुवारी २००३, मंगळवार. हिंगोली.

राग अजून उतरला न्हाई. जुन्या सिनेमांच्या वस्तू जमवणारे ते पुण्याचे साहेब आज घरी आले होते. बाबांच्या सिनेमाच्या गाण्यांची पुस्तिका पाहिजे म्हणे. गावोगाव फिरणाऱ्या तमाशाच्या फडाचा सिनेमा, आता कुणाला आठवतही न्हाई. बाबा त्यात तीन गाण्यांत ढोलकी वाजवताना दिसतात. पुस्तिकेत मात्र नटनट्यांची नावं आणि शेवटी ‘आणि इतर’.

साहेब खूश. “घडी नाही, डाग नाही! इतकी कोरी प्रत कुठेच उरली नाही.”

बाबा मला म्हणाले, “देऊन टाक बाई. माझं नाव कुठं हाय त्यात?”

तेच टोचलं. मी पेन उचलला, ‘आणि इतर’ खोडलं आणि खाली बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. चांगलं दाबून.

“अहो ताई, काय केलंत हे! आता कोण घेणार ही?”

“कुणीच नका घेऊ,” मी म्हटलं.

चुकलं का माझं? अजिबात न्हाई.

साहेब गेल्यावर बाबा चष्मा लावून जवळ आले. बराच वेळ ते नाव बघत राहिले.

“पेन ठेवू नको,” म्हणाले. “तुणतुणंवाला राहिला.”