छत्रीतली भाजी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजूनही पिशवी न घेता बाजारात जाते. बिरवाडीच्या घरात दाराच्या मागे खिळ्याला चार-पाच टांगल्या आहेत, तुझ्या जावयाच्या गाडीच्या डिकीत एक कायम असते, पण भाजीवालीसमोर उभी राहिले की हात रिकामे. आता प्लास्टिकची कोणी सहजासहजी देत नाही. मग कधी ओढणीत कांदे बांधून आणते, कधी नवी पिशवी विकत घेते, आणि घरी आल्यावर ती इतर पिशव्यांच्या शेजारी टांगते.

तुझं तसं नव्हतं. वाडीवरून पोलादपूरला निघालीस की पायात चपला घालायच्या आधी पिशवी तुझ्या काखेत असायची. बाबांच्या जुन्या पँटची, हाताने शिवलेली, तळाला दुहेरी टाके. एकदा तू मला दुकानात पाठवलंस आणि मी फ्रॉकच्या ओच्यात गूळ घेऊन परत आले. तू परातीत पीठ मळते आहेस, वर बघतही नाहीस. म्हणतेस, "बाजारात हात हलवत जातात काय गो? उद्या सासरी गेलीस की माझं नाव निघंल." दुसऱ्या दिवशी लाल परकराच्या कापडाची, माझ्या मापाची एक छोटी पिशवी तू शिवून दिलीस. मला ती इतकी आवडली की बाजारात न्यायला जीव होईना. तिच्यात मी चिंचोके ठेवले.

पण गेल्या श्रावणातली गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. माझी लेक औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते, तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा महाडचा, चांगला. मात्र त्याची आई मनापासून तयार नाही, असं लेकीच्या कानावर आलं होतं. एका रविवारी संध्याकाळी ते लोक पहिल्यांदा आमच्याकडे यायचे होते. लेक दोन दिवस धड जेवली नव्हती. सारखी म्हणायची, "आई, त्यांच्या घरी सगळं जागच्या जागी असतं. तू जरा सांभाळून हां."

त्या दिवशी सकाळी मी मोड आलेले वाल आणि भाजी आणायला महाडच्या बाजारात गेले. वाल मोजून झाले, काकड्या, पडवळ, नारळ घेतले, आणि भाजीवाली म्हणाली, "ताई, पिशवी काढा." पिशवी कुठली? पाऊस तेवढा थांबला होता, म्हणून मी छत्री उघडली, उलटी धरली आणि सगळं तिच्यात भरलं. भाजीवाली तोंडावर पदर धरून हसत राहिली. चार पावलं गेले नाही तोच भुरभुर सुरू झाली. मी भिजते आहे, छत्रीतली भाजीही भिजते आहे, आणि समोरून एक बाई येताहेत. लेकीच्या मोबाईलमधल्या फोटोत पाहिलेला चेहरा. मुलाची आई. मी केळीवाल्याच्या गाडीमागे सरकले, पण उलटी छत्री लपते कुठे?

"तुम्ही बिरवाडीच्या ना?" त्या जवळ येऊन म्हणाल्या. मी मान हलवली आणि खाली बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांत स्कूटरवर घालायचं हेल्मेट होतं, काठोकाठ टोमॅटोंनी भरलेलं. वर कोथिंबिरीची जुडी.

"घरी दाराला पिशव्या टांगल्यात हो," त्या ओशाळून म्हणाल्या.

"माझ्याही," मी म्हणाले.

मग आम्ही दोघी त्या गाडीच्या आडोशाला उभ्या राहून इतक्या हसलो की केळीवाल्याने आपणहून आम्हाला गोणपाटाखाली घेतलं. त्यांनी मला चहाला नेलं. टेबलावर एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला हेल्मेट. चहा निवत आला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? तुमची मुलगी फार टापटीप आहे. मला वाटायचं, तिची आईही तशीच असणार. माझ्यासारखीचा तुमच्यात निभाव लागायचा नाही. म्हणून मागे मागे राहात होते."

संध्याकाळी त्या आल्या आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन वाल सोलायला बसल्या. लेक दारात उभी राहून एकदा त्यांच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. थंडीत लग्न झालं. आता दर रविवारी आम्ही विहिणी मिळून बाजार करतो आणि निघायच्या आधी एकमेकींना फोन करतो. तरीही काहीतरी राहतंच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच एक कबूल करते. परवा त्यांनी विचारलं, "तुमच्या आई कशा होत्या हो?" मी म्हणाले, "अगदी आपल्यासारख्याच, विसरभोळ्या." खोटं बोलले. त्या वेळी आम्ही दोघी हसत होतो, आणि त्यात तूही असावीस असं मला फार वाटलं.