ऑइल पेंट लावलेला माठ

सर, काल आमच्या शाळेत निळ्या ऑइल पेंटचा डबा आला, म्हणून तुम्ही आठवलात. नाहीतर कायले आठवता? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावाने हळहळणारं कुणी आता दिघोरीत उरलेलं नाही, आणि होते तेव्हा तरी किती होते ते तुम्हालाच ठाऊक. मी आता कोंढ्याकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. हो, मीच. तपासणी आहे, तेव्हा पिण्याच्या पाण्याचे माठ रंगवून त्यावर सुविचार लिहा, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं आहे. डबा उघडला, तो वास नाकात गेला, आणि तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, पांढऱ्या सदऱ्यात, खिशाला दोन पेनं लावून.

काय शिकवायचात तुम्ही? डोळे मिटून म्हणायचात, "बाष्पीभवनाने थंडावा निर्माण होतो," आणि आम्ही सगळे पोट्टे-पोट्ट्या तुमच्यामागून तालात तेच म्हणायचो. मधल्या सुट्टीत तुम्ही चहा बशीत ओतून फुर्र करून प्यायचात. बशीत चहा पसरतो, वाफ भराभर निघते, म्हणून लवकर निवतो. धडा तुमच्या हातात होता, पण तो आम्हाला दाखवावा असं तुम्हाला कधी वाटलं नाही. जडत्वाचा नियम तुम्ही एका दमात म्हणायचात, आणि लाखांदूरच्या एसटीत ड्रायव्हरने ब्रेक मारला की पुढच्या सीटवर आपटून त्यालाच शिव्या द्यायचात. गाडी थांबली तरी आपलं अंग पुढेच जाऊन राहते, हे कळायला ड्रायव्हर कशाला खराब असावा लागतो? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गावात ही म्हण तुमच्यासाठीच ठेवलेली होती.

मग तो माठ. मी दहावीत होते, उन्हाळा तोंडावर होता आणि शाळा तपासायला साहेब येणार होते. फाटकाला लावून उरलेला निळा रंग तुम्ही व्हरांड्यातल्या माठाला फासायला लावला, दोन हात, आणि वर पांढऱ्या अक्षरात 'पाणी म्हणजे जीवन'. साहेब आले, माठाकडे बघून खूश झाले आणि बाटलीतलं पाणी पिऊन गेले. आम्ही मात्र पुढे सगळा उन्हाळा त्या माठातलं कोमट, रंगाचा वास मारणारं जीवन पीत होतो. मी वर्गात उभी राहिले आणि विचारलं, "सर, रंगानं माठाची भोकं बुजली. पाणी बाहेर झिरपत नाही, मंग ते उडून जाईन कसं आन् माठ थंड होईन कसा?" तुम्ही शिकवलेलंच वाक्य होतं ते, फक्त मी ते माठाला लावून पाहिलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू भिंतीवरची पाल बोलली. "तू मले शिकवून राहिली काय? हे पेपरात येते काय? बस खाली."

बसले. पण तुमचं पोट तेवढ्याने भरलं नाही. आठवडी बाजारात माझ्या बाबांना गाठून तुम्ही सांगितलंत, "पोरगी उलट बोलते. इले सायन्स झेपणार नाही. आर्ट्सले टाका." बाबा धानाची शेती करणारे, मास्तरचा शब्द म्हणजे त्यांना देवाचा शब्द. घरी येऊन म्हणाले, "सर म्हणून राहिले त खरंच असन." मी आर्ट्सला जाणार नाही म्हणाले, ते सायन्सचा खर्च करणार नाही म्हणाले. माझं एक वर्ष बांधीत रोवणा करण्यात गेलं. चिखलात वाकून मी रोपं लावायची आणि मनात तुमचा तो निळा माठ रोज फोडायची. शेवटी आईनेच बाबांना वळवलं. तुम्ही मात्र त्या वर्षात मला रस्त्यात भेटलात की विचारायचात, "काय बाई, थंड झाली काय?" आणि हसायचात.

तरी मी तुम्हाला मूर्ख समजत होते, आणि मूर्खाला माफ करता येतं. तुम्ही गेलात तेव्हा तेरवी झाल्यावर मी तुमच्या घरी बसायला गेले. आई म्हणाली, गुरू होते, जाऊन ये. भर मे महिना. काकूंनी गिलास भरून पाणी दिलं. कोपऱ्यात रेतीवर माठ, कोरा, लाल मातीचा, भोवती ओलं फडकं. मी त्याच्याकडे पाहत राहिले, तशा काकू म्हणाल्या, "तुझ्या सरायले असल्याच माठाचं पाणी लागे. लग्नानंतर मी हौसेनं म्हटलं, माठ रंगवू का, फुलं काढू का? त मले म्हणे, डोकं फिरलं काय? रंग लावल्यावर पाणी थंड होईन काय?"

लग्नानंतर. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तुम्हाला ठाऊक होतं, सर. मी उभी राहिले तेव्हा मी बरोबर आहे हे त्या वर्गात फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही बाजार गाठलात. अडाण्याची कीव येते. तुमची येत नाही. घरी थंड पाणी पिऊन शाळेत येणारा आणि लेकरांना कोमट पाजणारा माणूस, त्याला मी सर म्हणते आहे ते केवळ सवयीने.

आज मुख्याध्यापकांना सांगून आले, भिंती रंगवा, फाटक रंगवा, माठाला ब्रश लागणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लय उलट बोलता." बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचंही नाही. एवढंच सांगायचं राहिलं की त्या दिवशी तुमच्या घरात मला इतका राग आला होता की गिलास आपटून निघून जावं वाटलं. पण उन्हातून आले होते, आणि पाणी फार गार होतं, सर. मी आणखी एक गिलास मागून प्याले.