तुळईवर काय टेकलंय

लातूर, मंगळवार, दिवेलागण

क्लासच्या संगणकांवर परीक्षेचं नवं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा संच, बसवत होतो. संगणक चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीनं विचारलं, एक जुनं पॅकेज अडतंय, त्याच्या आधारावरची बाकीचीही जातील, काढू का? जाणाऱ्यांत मराठी अक्षरांचंही होतं. ते गेलं तर मराठीतून परीक्षा देणाऱ्या चाकूरकडच्या पोरींना पडद्यावर नुसते चौकोन दिसणार.

क्लासचे सर मागंच उभे. "काका, लई विचार करायलात. टाका जबरदस्तीनं काढून! उद्या सराव परीक्षा हाय."

तसं करता येतं. आज्ञेत एक शब्द वाढवला की यंत्र मुकाट्यानं ऐकतं. पण बोट चालेना.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या सकाळी पडलेल्या माळवदाच्या मातीखालून वहिनी हाका मारत होती. माणसं मायेनंच धावली, आणि तिच्यावरची तुळई ओढली. त्या तुळईवर काय टेकलंय, हे बघायला कुणाला सवड होती? हाक बंद झाली. ती तुळई अजून दिसते मला. यंत्र निदान विचारतं तरी.

"सर, परीक्षा परवा घ्या. आधी कशावर काय उभंय ते बघतो."

"पालक माझं डोकं खातील, काका!"

"माझ्याकडं धाडा त्यांना."

सर फणफणले, पण कबूल झाले. मी 'नाही' दाबलं. काहीच गेलं नाही, सगळं जागच्या जागी. तरी खोलीत जी शांतता पडली ती मला सोसेना. म्हणालो, "सर, रागानं का होईना, बोला काहीतरी."