देवाचा घोट

उरण, मिठागर
ता. ४ मार्च १९५८

तीर्थस्वरूप धर्माजीदादास भागोजीचा नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. माझी तब्येत एका ओळीत विचारलीस आणि उरलेल्या कार्डावर हुकूम सोडलेस, कडेच्या कोऱ्या जागेतसुद्धा. तब्येत बरी आहे. इकडे मीठ पडायला लागलंय, ऊन चांगलं आहे, पाय खाऱ्या पाण्याने फुटलेत. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. वहिनींना नमस्कार सांग. बाकी सगळ्यांना यथायोग्य.

मी इथे काय करतो म्हणून विचारतोस. लाकडी फळीने मीठ ओढतो, दुसरं काय करणार? आमचा मुकादम बाळाजी अबोल माणूस आहे. माझे हात कापायला लागले की तो काही विचारत नाही, फळी हातात देतो. दिवेलागणीला, म्हणजे मी पूर्वी ज्या वेळी गुत्त्याची वाट धरायचो त्या वेळी, तो मला मुद्दाम लांबचा बांध बघायला पाठवतो. परत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. न पिता किती दिवस झाले ते मी मोजत नाही. मोजले की सण करावासा वाटतो, आणि सण म्हटला की बाटली आलीच.

शिवाय इथलं पाणी पावलं बुडण्यापुरतंच असतं. त्यात माणूस बुडत नाही. मी मिठागरच का धरलं, याचं उत्तर यात आलं. तेव्हा 'भाग्या भावावर रुसून गेला' असं गावभर सांगत फिरू नकोस.

आता तुझा हुकूम. वऱ्हाडाच्या होडीतून बुडालेल्या माणसांनी मला धरलंय म्हणतोस, खाडीच्या राखणदाराला दिलेली गेल्या वर्षीची राखण, म्हणजे नारळ-कोंबड्याचा मान, अर्धी राहिली, शिमग्यानंतरच्या अवसेला येऊन ती पुरी करावी. बाधा नाही असं माझं म्हणणं असेल, तर शुद्धीत होडीत बसून आगरदांड्याहून खाडीपार आपल्या दिघीला येऊन दाखवावं. तोवर आवडा त्या घरातून हलणार नाही.

माझ्या बायकोला तू ओलीस ठेवलंस, दादा. आणि खाली 'तुझा हितचिंतक' म्हणून सही केलीस.

राखण अर्धी राहिली म्हणतोस? उलट जास्तच झाली. त्याच्या आदल्या गणपतीत मी स्वतःहून दारू सोडली होती. अंथरुणात थरथरत काढलेले ते दिवस तू पाहिलेस. घरात शांतता आली होती. पण रात्री मी ओरडायचो तो ओरडतच होतो, आणि ते तुला चारचौघांत बरं दिसेना. पौषातल्या अवसेला तू मला खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभा केलास. ज्या खाडीत ती वऱ्हाडाची होडी माझ्यासकट उलटली, त्याच खाडीत. माझ्या हातात नारळ दिलास, कडेला कोंबडा कापलास, आणि दारूबंदीच्या सभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या तू पेंढ्यात लपवलेली बाटली काढलीस. राखणदाराला धार घातलीस ते ठीक. मग प्रसाद म्हणून पेला माझ्या ओठांना लावलास.

मी म्हटलं, "दादा, नको. मी सोडलीय."

तुझा हात माझ्या मानेवर होता. "येक घोट घे, भागू. देवाचा हाय. देवाचा कधी चढत न्हाय."

सगळे माना डोलवत होते. एकटी आवडा ओरडली, "त्यांना नका देऊ, भावोजी!" तिला वहिनींनी गप्प केलं.

तुझा तो देवाचा घोट मला पुढचा पावसाळा संपेपर्यंत उतरला नाही. नाचणीच्या शेतात पडलेला मला तूच उचलून आणलास आणि 'बघा, भुतं कशी जोर करतायत' म्हणालास. तुझी चूक तुला अजून दिसलेली नाही याचा मला राग आहे. फार राग आहे. तो उतरावा म्हणून मी काही खटपट करणार नाही.

आता भुतांचं. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू मला कधी विचारलं नाहीस, थेट गुरवाला विचारलंस. होडी उलटल्यावर मी तिच्या पाठीवर चढून बसलो होतो. खाली शिडात अडकलेली माणसं आतून फळ्या ठोकत होती. मी नखांनी फळ्या उचकटायला बघत होतो. दुसरी होडी येईपर्यंत ठोके थांबले. ती भुतं नव्हती, दादा. जिवंत माणसं होती. आदल्या घटकेला त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं होतं.

घरात भात कांडायला घेतलं की तेच ठोके यायचे. मी अंगणात पळायचो आणि तुम्ही हसायचात. दारू पोटात गेली की ते थांबायचे, म्हणून प्यायलो. आवडा हसली नाही. तिने कांडप शेजारी चंद्राबाईच्या पडवीत नेलं, कोणाला काही न सांगता. माझ्यावर त्या घरात कोणी खरा उपाय केला असेल तर तिने.

होडीचं म्हणशील तर सांगतो, ऐकून तुला बरं वाटेल. उरणला येताना होडीत बसायला लागू नये म्हणून मी म्हसळा, रोहा, पेण असा लांबून फिरून आलो. गेल्या महिन्यात बाळाजीबरोबर करंजाच्या धक्क्यावर गेलो. एक पाय होडीत टाकला आणि ओकलो. हस.

मग परत एकदा गेलो. बांधून ठेवलेल्या होडीत बसलो. लाटा फळ्यांवर आपटायला लागल्या, ठोके आले, जीव दारूसाठी तडफडला. बाळाजीने माझी मान धरली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. शेजारी बसून विडी ओढत राहिला. पाणी ओसरून होडी चिखलात टेकेपर्यंत आम्ही बसलो होतो. ठोके थांबले नाहीत. पण मी उठलो नाही.

तेव्हा मी येतोय. अवसेला नव्हे, तिच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आगरदांड्याच्या होडीने, सगळ्या दिघीदेखत. पोटात चहा असेल. वास घ्यायचा असेल तर जवळ येऊन घे. पण पेला घेऊन आलास तर आपलं भाऊपण त्याच खाडीत सोडून देईन. उतरताना माझे पाय लटपटले तर लटपटतील, धरायला पुढे होऊ नकोस. आणि भुतं पळाली का, असं चारचौघांत विचारू नकोस. ठोके माझ्याबरोबरच येतील आणि माझ्याबरोबरच परत जातील. आवडाही.

पुढचं तिला वाचून दाखव. गाळलंस तर मी धक्क्यावर तिला विचारीनच.

आवडे, बोचकं बांधून दिघीच्या धक्क्यावर ये. इथे खोपटात मी उखळ पुरून ठेवलंय, मुसळ तू आण. भात आता घरातच कांडायचं, शेजारी जायचं नाही. मी बाहेर पळालो तर हात थांबवू नकोस. कांडत राहा. मी परत आत येईन.

खाली 'तुझा' लिहायची पद्धत आहे, दादा. या वेळी तुझा नाही.

आवडाचा,
भागोजी