मामांची रडकी मोटार

१९ जून १९३८, रविवार

आजही हे मामांकडे! सकाळची कॉफी अर्धी टाकून गेले ते दुपारी परत. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं आणि अंगाला वाळ्याचा वास. आमच्या घरात वाळा नाही. मामांच्या घरात आहे — त्यांची मुलगी विजयलक्ष्मी पिण्याच्या घागरीत घालते.

का गेले होते? मोटार गळते म्हणून!

बालकृष्णमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांनी मद्रासहून मोटारीत थंडी करणारी पेटी बसवून आणली आहे. मागे सामानाच्या जागी पत्र्याची पेटी, तीत बर्फाची लादी. बॅटरीवरचा पंखा त्या बर्फावरून वारा ओढून आत सोडतो. वितळलेलं पाणी खालच्या जस्ताच्या परातीत साठायचं आणि रबरी नळीने बाहेर रस्त्यावर जायचं. जायचं! जातं कुठे? मामींच्या पायांखाली. पहिल्या आठवड्यात सारं कुंभकोणम् मोटार बघायला आलं, आता सारं कुंभकोणम् हसायला येतं.

मामा ह्यांना म्हणाले, "वरदा, रडत्या वाहनातून शुभाला निघायचं नाही. ही कोरडी कर, मग तंजावरला घराण्यातल्या थोरल्यांना भेटून येऊ." ह्यांनी मान डोलावली. मामांपुढे ह्यांच्या तोंडातून 'नाही' कधी निघालेलं नाही. वडील गेल्यावर मामांनी वाढवलं, मोटारदुरुस्तीचं शेड घालून दिलं. उपकार खरेच. पण मोटार दुरुस्त करणाऱ्याला एक गळती सापडू नये?

२१ जून

म्हणाले, परातीचा सांधा उकलला होता, डाख लावला. संध्याकाळी निरोप — पुन्हा पाणी.

२४ जून, शुक्रवार

विजयलक्ष्मी आली होती. हातात विड्याची पानं, केसांत मोगरा, नवी निळी साडी. अठरा सरली, दिसतेही छान. मी आंधळी नाही. उंबऱ्यातूनच हाक, "अत्तान आहेत?"

अत्तान! तामिळात आत्याचा मुलगाही अत्तान आणि नवराही अत्तान. मराठी घरात जन्मलीस, मराठीत हाक मार की! मी म्हटलं, "शेडात आहेत. निरोप काय तो मला सांग." तर हसून म्हणते, "पाणी अजून येतं, वैनी. अप्पांनी बोलावलंय."

ती गेल्यावर सासूबाई झोपाळ्यावर बसून, माझ्याकडे न बघता, "माझ्या भावाची पोर. वरदाची मुरैपेण. लग्नाच्या हक्काची होती ती. तेव्हा लहान होती म्हणून…"

म्हणून मला केली. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात पाळणा नाही. त्यांना काय हवंय ते मला आता गल्लीतल्या बायका सांगतात. एका घरात दोघी, काही नवं नाही म्हणे. आमच्या नात्यातही आहे. तिरुच्चीचं एक स्थळ मामांच्या दारात उभं आहे, मुलगा कॉलेजात शिकवतो. पण बहिणीला शब्द आधी. बहिणीच्या मुलाचं जमलं नाही, तर एकादशीच्या आत त्यांना हो म्हणायचं. एकादशी लागली की चार महिने शुभकार्य बंद, आणि तिरुच्चीची माणसं थांबणार नाहीत.

आणि हे? हे रोज तिथे जाऊन भिजून येतात.

जेवण वाढलं. रसम् मुद्दाम आळणी ठेवलं, पण ह्यांना कळलंसुद्धा नाही!

२५ जून

वातींचा डबा पुन्हा रिकामा. परवाच तर फुलवाती वळून तुपात भिजवून ठेवल्या होत्या. सासूबाई भावाच्या देवघरासाठी नेत असणार. माहेरी काय काय पोचवतील देव जाणे.

२७ जून, सोमवार

आजचं कारण नवीन. दव! म्हणाले, "गळत नाही गं. थंडगार तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा पेटीच्या पत्र्याला येतो. काथ्या गुंडाळायला हवा."

तांब्याचा घाम मलाही ठाऊक आहे. त्याने पाट ओला होतो, तळं होत नाही. तळं व्हायला भोक लागतं, नाहीतर तुंबलेली मोरी लागते. हे न कळायला मी काय मोटारीच्या शाळेत जायला हवं? मी तसं म्हटलं. ह्यांनी पान तोंडात घातलं. तोंडात पान असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

काथ्या गुंडाळायला पूर्ण सकाळ गेली. काथ्याचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, हे मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

२९ जून

आता म्हणे रबरी नळीचं तोंडच चुकीचं. स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्या स्वामीनाथांकडून पितळेचं तोंड ओतून आणणार. देव ओतणाऱ्या माणसाकडून मोरीचं तोंड! दोनदा तर जाणं आलंच — एकदा माप द्यायला, एकदा आणायला.

सरळ सांगा ना. मोटार कोरडी झाली तर तिथे जायला निमित्त उरणार नाही, म्हणून सापडत नाही. जळतंय माझं आत. लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलू?

आता मीच बघणार.

१ जुलै, शुक्रवार

सापडलं!! मला सापडलं!

मामींकडे हळदीकुंकू होतं. हे स्वामीमलैला गेलेले. बायका पानसुपारी घेऊन पांगल्या तशी मी विजयलक्ष्मीला म्हटलं, "चल, तुमची मोटार दाखव." तिने डोळे मोठे केले. "तुम्हाला येतं, वैनी?" मी म्हटलं, "मला मोरी येते."

आधी परात कोरडी पुसली. सांध्यांखाली रांगोळीचं पीठ भुरभुरवलं, म्हणजे थेंब पडला की डाग दिसेल. मग परातीत हळदीचं पाणी ओतलं. पीठ पांढरं स्वच्छ! सांधे उत्तम. पाणी नळीतून हळूहळू का होईना, खाली गेलं. गाडीखाली पिवळी धार. म्हणजे मोरीही वाहती. मग गळतं काय?

मामांचा ड्रायव्हर रामलिंग बाजूला उभा. म्हणाला, "आम्हीही विहिरीचं पाणी ओतून बघितलं अम्मा, नीट जातं. बर्फ घातला की मात्र येतं."

बर्फ घातला की! उन्हात वाहतं आणि थंडीत थिजतं, असं स्वयंपाकघरात काय असतं?

बर्फ आणवला. पंखा लावला. थांबलो. परातीत पाणी चढलं, चढलं, आणि मागच्या काठावरून आत गाडीत! पीठ तिथेच भिजलं. मी झाडूचा हीर ओढून घेतला आणि नळीत खालून वर घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढलं. हाताला वास आला — तुपाचा.

फुलवात. तुपात भिजवलेली. शेपटीला हळदीचं बोट. इन्नंबूरला आमच्या आईकडे असं लावतात. या गावात तसं लावणारी मी एकटी.

मी ती मुठीत लपवली. "कचरा होता," म्हटलं. सगळं लख्ख कळलं होतं ना मला! डबा रिकामा कोण करतं? भावाकडे रोज कोण येतं? मुलाने इथे येत राहावं असं कुणाला वाटतं? थांबा म्हटलं सासूबाई, घरी येते.

पुन्हा बर्फ, पुन्हा पंखा. खालून नळीतून मोकळी धार, आत टिपूस नाही. मामी आत बसून चटई चाचपून बघत होत्या. मामा धावत आले. "गोदा! अगं, वरदाला जमलं नाही ते तू केलंस!" मी फुगले. खोटं कशाला बोलू, फुगलेच. तेवढ्यात हे दारात, हातात पितळेचं चकचकीत तोंड. मोटारीकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं. चेहरा पांढरा.

मला वाटलं, पकडले गेले!

मामा म्हणाले, "मग बुधवारी तंजावर. मामी, विजू, माझी अक्का, वरदा — सगळे. थोरल्यांच्या हातून निश्चयाचं तांबूल घेऊनच परत. एकादशीच्या आत."

२ जुलै

काल पुढचं लिहवलं नाही.

निश्चय! ह्यांचा आणि विजयलक्ष्मीचा! 'थोरल्यांना भेटून येऊ' याचा अर्थ हा होता. मी ऐकलं होतं, इथे लिहूनही ठेवलं होतं, आणि डोक्यात शिरलं नाही. डोक्यात वाळ्याचा वास भरलेला!

सकाळी सासूबाईंना विचारलं, "वाती तुम्ही मामांकडे नेता ना?" तर त्या, "मी कशाला नेऊ? तिथे काय वातींचा दुष्काळ आहे? वरदा नेतो. शेडातल्या गणपतीला म्हणून." आणि आज भलत्याच खुशीत होत्या, म्हणून पुढेही बोलल्या, "ती गाडी सुकावी म्हणून मी नारळ बोलले होते. बालकृष्णाचा हट्ट — त्याच गाडीतून, आणि कोरडी झाल्यावरच. तू माझा नारळ खरा केलास, बाई."

मी विहिरीवर गेले. हे तोंड धूत होते. वात पुढे धरली.

"मीच घातली होती," म्हणाले. "थिजली की अडते, उन्हात सैल होते. सगळे पाणी ओतून बघायचे, काही सापडायचं नाही. एकादशीपर्यंत ओढायचं होतं, बस. मग ती तिरुच्चीला, आणि आपण आपल्या घरी."

"मला सांगायचं नाही?"

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, गोदा. आईशी भांडताना पहिल्या वाक्यात बाहेर काढलं असतंस."

खरं आहे. म्हणून आणखी रडू आलं.

"आता परत घाला," मी म्हटलं. तर म्हणाले, "मामा आता मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तू राहू दे, तुझ्याने बिघडते." आणि हसायला लागले, पण डोळ्यांत पाणी होतं. मग हळू म्हणाले, "तंजावरला थोरल्यांपुढे मी नाही म्हणेन. म्हणेन मी." म्हणतील? मामांपुढे आजवर ज्यांनी पानात चुना जास्त झाला तरी सांगितलं नाही, ते?

४ जुलै

मामांचा निरोप. बुधवारी निघण्याआधी मोटारीची पूजा माझ्याच हातून व्हायची. जिने रडं थांबवलं तिचा मान!

हो म्हणून कळवलं.

६ जुलै, बुधवार

पूजा केली. हळद, कुंकू, लिंबू, मोगरा. मागची पेटी उघडली, आत वाकून परातीलाही फूल वाहिलं. रामलिंग डोकावणार तोच विजयलक्ष्मी पदर सावरत मध्ये उभी राहिली. माझ्या कानाशी म्हणाली, "खोल घाला, वैनी. तिरुच्चीला कॉलेजात मोटारी नाहीत म्हणे."

दोन घातल्या.

गाडी कोसभरावरच्या दारासुरमहूनच परत आली. मामींची साडी पिळून काढावी लागली. रडत्या वाहनातून पुढे जायचं नाही म्हणून मामा रस्त्यातच उतरले आणि चालत आले. दुपारीच तिरुच्चीला होकाराची तार गेली.

जेवताना हे खाली बघत म्हणाले, "मामांची मोटार… पुन्हा जाऊन बघायला हवी."

मी म्हटलं, "जा की. रोज जा."