एकोणसत्तर सालची रिकामी ओळ

मिरिंडी, २८ सप्टेंबर

ती. नोरीनताईस,

धाकट्या लेस्टरचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बऱ्या असाल असं लिहायचा रिवाज आहे, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला असं लिहिणं बरं दिसत नाही. तेव्हा सरळच विचारतो, जिना चढता येतो का? होबार्टच्या थंडीत गुडघा झाकून ठेवत जा. ग्रँटला मामाचा आशीर्वाद सांग (छप्पन्न वर्षांच्या बसड्रायव्हरला आशीर्वाद द्यायला मामाच हवा, इतरांना तो हॉर्न देतो).

कळवायचं ते असं. आपल्या मिरिंडी हायस्कूलला पुढच्या महिन्यात तेवीस तारखेला पंचाहत्तर वर्षं होतात, आणि स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. मी एकतीस वर्षं शाळेचा केअरटेकर होतो, तेव्हा इतिहास मला ठाऊक असणारच, असं कमिटीचं म्हणणं. मला गटारं ठाऊक आहेत. पण आई मे महिन्यात गेली, आणि त्या प्रकरणाबद्दल तोंड न उघडण्याची तिने आपल्याला घातलेली शपथ तिच्याबरोबर संपली असं धरून मी हो म्हटलं.

हॉलमधला लाकडी फलक तुला आठवत असेल. दर वर्षी पहिल्या आलेल्याचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत लिहितात. १९६९समोर काही लिहिलेलं नाही हेही तुला ठाऊक आहे. पण त्या रिकाम्या ओळीचं पुढं काय झालं ते घरातल्या कुणी तुला कळवलं नाही. तो दोष माझा. प्रिचर्ड सर रिटायर झाल्यावर नवे हेडमास्तर आले, त्यांनी ती ओळ पाहिली, साल पाहिलं, आणि त्या साली पहिला आलेला मुलगा व्हिएतनामच्या लढाईत पडला असणार असं ठरवून टाकलं. तेव्हापासून दर वर्षी बक्षीस समारंभाला सगळी शाळा उठून त्या ओळीपुढं एक मिनिट मान खाली घालून उभी राहते. माजी सैनिक क्लबचा मर्व्ह स्टॉडर्ट (तो स्वतः त्या लढाईत होता, दोन मित्र तिथंच ठेवून आला) खाली पुष्पचक्र ठेवतो. परीक्षेला जाणारी पोरं नशिबासाठी ओळीला बोट लावतात, त्यामुळे तेवढ्याच जागेचं पॉलिश जातं. दर जानेवारीत मी ते पुन्हा लावत आलो. एकतीस वेळा, ताई. दर समारंभाला मीही उभा राहिलो, बाकीच्यांसारखी मान खाली घातली, आणि घरी येऊन जेवलो. याची मला लाज वाटते.

स्मरणिकेसाठी लोकांकडून आठवणी मागवल्या तर चौदा पत्रं आली. दोघांनी त्या ओळीतल्या मुलाला क्रिकेट खेळताना पाहिलं होतं. एकाच्या मते तो निकालाच्याच दिवशी नदीत बुडाला. डॉरिस टूही बाईंनी तर, आपलं आणि त्याचं जवळजवळ ठरलं होतं, असं सहीनिशी लिहून दिलं (त्यांचा नवरा पत्र द्यायला स्वतः आला होता). मी मात्र ऑफिसच्या कपाटातून गुणपत्रकाची वही काढली. त्यात १९६९ साली पहिली, नोरीन गिलहूली. पोट दिसायला लागलं म्हणून तुला मैदानाच्या सामानखोलीत एकटीला बसवून परीक्षा घेतली होती, तरी पहिली. नावापुढे प्रिचर्ड सरांची पेन्सिल: 'तूर्त फलकावर लिहू नये.' त्या तूर्तला सत्तावन्न वर्षं होत आली.

वही मी कमिटीपुढं ठेवली आणि नाव लिहून घ्या म्हणालो. मग मर्व्ह उठला. "लेस, पंचवीस वर्षं मी तिथं फुलं ठेवतोय. ती काय तुझ्या बहिणीच्या बाळंतपणाला ठेवत होतो?" मी म्हटलं, "तिला तेव्हा दुसऱ्या कुणी फुलं दिली नव्हती." तो खाली बसला, पण तोंड फिरवून. हेडबाई श्रीमती पापाडाकिस यांचे डोळे भरून आले (बाई मनाने चांगल्या आहेत, त्यामुळेच त्यांच्याशी भांडता येत नाही). म्हणाल्या, "अहो लेस्टर, अन्याय झालाय, कबूल. पण ती रिकामी ओळ हीच आपल्या शाळेची सगळ्यात जुनी परंपरा. ती भरली तर मुलांनी उभं राहायचं कशापुढं?" मतदान झालं. सहा विरुद्ध एक. ओळ रिकामीच राहणार. कमिटीचा चिटणीस मीच, म्हणून तो ठराव मलाच स्वच्छ अक्षरात लिहावा लागला.

तेव्हा विषय संपला. बहुमतापुढं आपण काय करणार? तूही मनाला लावून घेऊ नकोस. गुडघ्याला जप.

तुझा,
लेस्टर

ता.क. परवाच्या शनिवारी फुटबॉलची फायनल आपण सहा गुणांनी हरलो. असं ऐकलं. मी मैदानावर नव्हतो.

ता.क. दुसरा. सगळं गाव फायनलला होतं, आणि हॉलची जुनी किल्ली अजून माझ्याकडे आहे. शिडीवर चढून भर दुपारी मी तुझं नाव लिहिलं. अक्षरं थोडी उजवीकडे कलली आहेत, आणि रंगाचा डबा नवा असल्यामुळे वरखालच्या नावांपेक्षा तू जास्त चमकतेस, त्याला माझा इलाज नाही. फरशीच्या कामासाठी हॉल तेवीस तारखेपर्यंत बंद आहे, तोवर कुणी पाहणार नाही. मर्व्हला मात्र मी काल घरी जाऊन सांगितलं. त्याने मला दारातच दोन शिव्या दिल्या, आणि मग तुला कुठली फुलं आवडतात ते विचारलं. मला सांगता आलं नाही, तेवढं कळव.

ता.क. तिसरा. ग्रँटला घेऊन तेवीस तारखेला ये, यंदाचा बक्षीस समारंभ त्याच दिवशी आहे. सवयीप्रमाणे सहाशे पोरं उठून उभी राहतील. त्यांच्या देखत नाव खरवडायची कुणाची हिंमत होणार नाही, पण त्यासाठी तू समोर बसलेली हवीस. तुला उठायची गरज नाही.